सुटा भाग आला कुठून आणि तपासला कोणी?

खास प्रतिनिधी

‘साहेब, ओरिजिनल टाकू की चायनाचा?’ पुण्यातील नाना पेठेत सुटे भाग घ्यायला गेलेल्या किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लावलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीचा, त्यामुळे भरवशाचा. चायनाचा म्हणजे परदेशातून स्वस्तात आलेला, टिकला तोवर आपला. ब्रेकपॅड, बेअरिंग किंवा हेडलाइट घेताना ग्राहक याच हिशेबाने खिशात हात घालतो.

हा हिशेब अगदीच चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. मात्र वाहनउद्योगाला गेल्या दोन दशकांत हादरवणारी प्रकरणे बारकाईने पाहिली, तर तो अपुरा असल्याचे जाणवते. वाहनांच्या इतिहासातील सर्वांत मोठे रिकॉल, म्हणजे दोष दूर करण्यासाठी विकलेल्या गाड्या परत बोलावण्याची मोहीम, ज्या भागामुळे झाले, तो भाग एका प्रतिष्ठित जपानी कंपनीचा होता. त्याचे उत्पादन मुख्यतः अमेरिका व मेक्सिकोत होत होते आणि गाडीच्या कंपनीने तो कारखान्यातच बसवलेला होता. नाना पेठेच्या भाषेत सांगायचे तर माल शंभर टक्के ओरिजिनल होता.

ही कंपनी म्हणजे ताकाता आणि तो भाग म्हणजे एअरबॅगचा इन्फ्लेटर.

चकतीत मुरलेले पाणी

एअरबॅग फुगते ती हवेचा पंप लावून नव्हे. गाडीची धडक बसताच सेन्सरकडून विजेचा संकेत जातो, धातूच्या छोट्याशा डबीतील रासायनिक इंधन पेटते आणि त्यातून निर्माण होणारा वायू पिशवीत शिरतो. हे सारे सेकंदाच्या काही शतांश भागात, डोळ्याची पापणी लवण्याच्या आत घडते. ही डबी म्हणजेच इन्फ्लेटर. स्टिअरिंगच्या मध्यभागी, चालकाच्या छातीपासून हातभर अंतरावर बसवलेला तो एक नियंत्रित स्फोट आहे, असे म्हटले तरी चालेल. त्यातील ‘नियंत्रित’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. इंधन किती वेगाने जळेल यावर पिशवी फुगणार की डबी फुटणार हे ठरते.

ताकाताने २००० च्या सुमारास आपल्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरण्यास सुरुवात केली. खतांत आणि खाणीतील सुरुंगांत वापरले जाणारे हे रसायन स्वस्त आहे, सहज मिळते आणि जळताना भरपूर वायू देते. त्याची अडचण दुहेरी आहे. ते पाणी चटकन शोषून घेते आणि सुमारे ३२ अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. रचनेबरोबर आकारमानही बदलते. दिवसा तापायचे आणि रात्री निवायचे हा क्रम वर्षानुवर्षे चालला, की दाबून घट्ट केलेल्या चकत्या हळूहळू सच्छिद्र होऊ लागतात. हा धोका टाळण्यासाठी ताकाताने रसायनाला स्थैर्य देणारे घटक मिसळले होते. परंतु डबीची बांधणी आर्द्रता पूर्णपणे रोखणारी नव्हती आणि अनेक इन्फ्लेटरमध्ये ओलावा टिपून घेणारा पदार्थही घातलेला नव्हता.

चकती सच्छिद्र झाली म्हणजे जळण्यासाठी अधिक पृष्ठभाग मोकळा होतो. लाकडाचा ओंडका आणि त्याच लाकडाचा भुसा यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. अशी चकती अपेक्षेपेक्षा फार वेगाने जळते, डबीतील दाब मर्यादेबाहेर जातो आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. काही अपघातांत धडक एवढी किरकोळ होती की एअरबॅग उघडली नसती तर चालक चालत घरी गेला असता.

वाहन कंपन्यांनी एकत्र येऊन नेमलेल्या स्वतंत्र तपास गटाने २०१६ च्या फेब्रुवारीत आपला निष्कर्ष जाहीर केला. ओलावा टिपणाऱ्या पदार्थाविना वापरलेले अमोनियम नायट्रेट, ओलावा आत येऊ देणारी बांधणी आणि उष्ण-दमट हवामान ही तीन कारणे एकत्र आली की इन्फ्लेटर फुटतो, असा तो निष्कर्ष होता. यातील एखादेच कारण असेल तर धोका कमी. अमेरिकेत फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, हवाई आणि पोर्टो रिको येथील गाड्यांचे इन्फ्लेटर अग्रक्रमाने बदलण्याचे ठरले ते यामुळेच. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत राहणाऱ्या वाचकाला उष्ण-दमट हवामान म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

कारखान्यात काय घडले?

रसायनाची निवड हा रचनेतला दोष झाला. पण प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. स्फोटक चकत्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथे दाबल्या जात आणि इन्फ्लेटरची जुळणी मेक्सिकोतील मोन्क्लोव्हा येथे होत असे. पुढे ताकातानेच अमेरिकी वाहनसुरक्षा संस्थेला जी माहिती दिली, ती वाचताना कोणत्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला ओळखीची वाटावी. मोझेस लेक येथील प्रेसवर कमी दाबाने तयार झालेली चकती आपोआप बाजूला काढण्याची सोय होती. परंतु ती बंद करता येत असे आणि काही काळ ती बंद राहिली असण्याची शक्यता होती. मोन्क्लोव्हा येथे काही चकत्या जुळणीपूर्वी कारखान्यातील दमट हवेत उघड्या राहिल्या होत्या.

याहून गंभीर बाब होती नोंदींची. कोणत्या दिवशीच्या चकत्या कोणत्या इन्फ्लेटरमध्ये आणि ते इन्फ्लेटर कोणत्या गाड्यांत गेले, हे खात्रीने सांगता येत नव्हते. त्यामुळे होंडाने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये जे पहिले रिकॉल केले, ते अवघ्या सुमारे चार हजार गाड्यांचे होते. पुढे प्रत्येक वेळी ‘आता सर्व सदोष गाड्या सापडल्या’ असे वाटे आणि प्रत्येक वेळी यादीबाहेरच्या एखाद्या गाडीचा इन्फ्लेटर फुटत असे. २००९ च्या मे महिन्यात ओक्लाहोमा राज्यात १८ वर्षांच्या एका तरुणीचा मृत्यू झाला, तो या दोषामुळे अमेरिकेत नोंदला गेलेला पहिला मृत्यू ठरला. २०१३ मध्ये टोयोटा, होंडा, निसान व माझदा यांनी मिळून जगभरातील सुमारे ३४ लाख गाड्या बोलावल्या. २०१५ नंतर आकडे कोटींत गेले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख आणि जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर या मोहिमेखाली आले. अमेरिकेत या दोषाने किमान २८ जणांचा बळी गेला असून जखमींची संख्या ४०० च्या पुढे आहे.

आणि हा सारा निव्वळ हलगर्जीपणा नव्हता. वाहन कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या चाचण्यांच्या अहवालांत ताकाताने वर्षानुवर्षे फेरफार केले होते. प्रतिकूल निकाल गाळले गेले, आकडे बदलले गेले. २०१७ च्या जानेवारीत कंपनीने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल करून एकूण १ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. त्यातील ८५ कोटी डॉलर वाहन कंपन्यांसाठी, १२ कोटी ५० लाख पीडितांसाठी आणि २ कोटी ५० लाख दंड अशी विभागणी होती. पीडितांचा वाटा वाहन कंपन्यांच्या वाट्याच्या सातव्या हिश्श्याएवढा का, हा प्रश्न वाचकाला पडला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. १९३३ मध्ये विणकामाच्या धंद्यातून सुरू झालेल्या या घराण्याच्या कंपनीचा व्यवसाय २०१८ मध्ये की सेफ्टी सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने घेतला. या अमेरिकी कंपनीची मालकी चीनमधील निंगबो जॉयसन या उद्योगसमूहाकडे होती. चिनी मालाला नाके मुरडणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

परदेशी म्हणजे कोणता?

ताकाताच्या इन्फ्लेटरचा अमेरिकेबाहेरचा पहिला बळी २०१४ मध्ये मलेशियात गेला. सारावाक प्रांतातील सिबू येथे होंडा सिटी चालवणाऱ्या गरोदर महिलेच्या मानेत इन्फ्लेटरचा तुकडा घुसला. तो इन्फ्लेटर तयार झाला होता अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील लाग्रँज येथील कारखान्यात, जो तोवर बंदही झालेला होता. गाडीचे नाव जपानी, चालक मलेशियाची आणि प्राणघातक भाग अमेरिकी. या घटनेतील ‘परदेशी माल’ कोणता?

टोयोटाच्या ॲक्सिलरेटर पेडलचे प्रकरणही असेच आहे. पेडल दाबल्यावर ते चटकन वर येत नाही, अशा तक्रारींमुळे टोयोटाने २०१० च्या जानेवारीत अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या. ही पेडल सीटीएस या अमेरिकी पुरवठादाराची होती. डेन्सो या जपानी पुरवठादाराच्या पेडलमध्ये तो दोष नव्हता. जपानी माणसाच्या दृष्टीने पाहिले तर परदेशी सुट्या भागाने घात केला, असे म्हणता आले असते. सीटीएसचे म्हणणे मात्र निराळे होते. आम्ही टोयोटाने ठरवून दिलेल्या नमुन्याबरहुकूमच पेडल बनवतो, असे तिने सांगितले. रचना कोणाची आणि घडण कोणाची, हा वाद अशा प्रकरणांत हमखास उद्भवतो आणि तो मिटेपर्यंत गाड्या रस्त्यावर धावत असतात.

याचा अर्थ चिनी मालाबद्दलची शंका निव्वळ पूर्वग्रह आहे, असा काढू नये. तिला आधार असलेली उदाहरणेही आहेत आणि ती उद्बोधक आहेत.

रबराची एक पातळ पट्टी

रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे एकावर एक बसवलेले असतात. टायर धावताना हे पट्टे एकमेकांवर किंचित सरकत असतात. त्यांच्या कडा घासून सुटू नयेत म्हणून मध्ये रबराची एक पातळ पट्टी घालतात. तिला गम स्ट्रिप म्हणतात. तिची जाडी मिलिमीटरहूनही कमी असते. टायर बाहेरून कितीही निरखला तरी ती आत आहे की नाही हे कळत नाही. नवा टायर तिच्याविना गुळगुळीत चालतो. काही हजार किलोमीटरनंतर, भर उन्हात, भरलेल्या गाडीखाली, वेगात असताना पट्टे सुटतात आणि टायरचा धावता भाग सालीसारखा निघून येतो.

अमेरिकेत न्यू जर्सीतील फॉरिन टायर सेल्स ही छोटी कंपनी चीनच्या हांगचौ झोंगत्से या मोठ्या उत्पादकाचे टायर आयात करून विकत असे. तक्रारी वाढत असल्याचे तिच्या लक्षात २००५ च्या सुमारास आले. २००६ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात हे टायर असलेली एक व्हॅन उलटून दोघांचा मृत्यू झाला. उत्पादकाने न कळवता ही पट्टी गाळली किंवा पुरेशी घातली नाही, असा आयातदाराचा आरोप होता. टायर सदोष असल्याचे उत्पादकाने नाकारले. २००७ च्या जूनमध्ये अमेरिकी वाहनसुरक्षा संस्थेने सुमारे साडेचार लाख टायर परत घेण्याचा आदेश दिला, तो चिनी कारखान्याला नव्हे तर आयातदाराला. अमेरिकी कायद्यात परदेशी माल आणणारा आयातदार हाच उत्पादक मानला जातो. एवढ्या टायरांचा खर्च केला तर आपले दिवाळे निघेल, असे आयातदाराने सांगितले. अनेक टायर कोणत्या ग्राहकांकडे गेले, याच्या नोंदीही अपुऱ्या होत्या.

परदेशी सुट्या भागाबाबतची खरी अडचण इथे दिसते. चूक कोणत्याही देशात होऊ शकते. पण ती झाल्यावर ज्याच्या दारात जाऊन उभे राहता येईल असा कोणी आपल्या कायद्याच्या कक्षेत आहे काय आणि त्याच्याकडे भरपाई करण्याची ऐपत आहे काय? होंडा आणि टोयोटाकडे ती होती. न्यू जर्सीतील आयातदाराकडे नव्हती.

कोटींच्या गाडीतील नकली प्लास्टिक

तिसरे उदाहरण श्रीमंतांचे आहे. जेम्स बाँडमुळे आपल्याकडे ठाऊक झालेल्या ॲस्टन मार्टिन या ब्रिटिश कंपनीने २०१४ च्या फेब्रुवारीत १७ हजार ५९० गाड्या परत बोलावल्या. कारण होते ॲक्सिलरेटरच्या पेडलचा प्लास्टिकचा दांडा. तो मोडू शकतो, असे आढळले होते. कंपनीने अमेरिकी वाहनसुरक्षा संस्थेला सादर केलेल्या कागदपत्रांतून जी साखळी उघड झाली, ती मुळातून पाहण्यासारखी आहे. ॲस्टन मार्टिन पेडल घेत असे एका ब्रिटिश पुरवठादाराकडून. त्याने दांड्यांचे काम दिले हाँगकाँगच्या कंपनीला, तिने ते सोपवले शेनचेनमधील साचेकाम करणाऱ्या कारखान्याला आणि त्या कारखान्याने प्लास्टिकचा कच्चा माल घेतला डोंग्वान येथील विक्रेत्याकडून. पोत्यांवर ड्युपाँट या अमेरिकी कंपनीचे नाव होते, आतला माल मात्र नकली होता.

ॲस्टन मार्टिनने नंतर हे काम ब्रिटनमध्ये परत आणण्याचे जाहीर केले. तथापि, प्रश्न चीनचा होता तेवढाच साखळीतील पायऱ्यांचाही होता. गाडीची कंपनी आपल्या थेट पुरवठादाराचा कारखाना तपासते, तो पुरवठादार आपल्या पुरवठादाराचा तपासतो असे गृहीत धरले जाते आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तपासणीची जागा कागद घेतो. नव्या भागाचे उत्पादन सुरू होण्यापूर्वी नमुने, मोजमापे आणि कच्च्या मालाची प्रमाणपत्रे सादर करून मंजुरी घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे. आयएटीएफ १६९४९ या मानकाची पाटी आपल्याकडील भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वारावरही दिसते. ही पद्धत उपयोगी आहे, पण ती पहिल्या नमुन्याला जेवढी कडक असते तेवढी दहा हजाराव्या नगाला असतेच असे नाही. पहिला नमुना अस्सल प्लास्टिकचा, पुढचा माल पोत्यावरच्या नावाचा, हा प्रकार कच्च्या मालाची अधूनमधून स्वतः प्रयोगशाळेत परीक्षा केल्याविना पकडला जात नाही. त्या परीक्षेला पैसे लागतात. परदेशातून भाग घेण्याचे मुख्य कारणच पैसे वाचवणे हे असल्याने पहिली कात्री नेमकी तिथेच लागते.

आपणही कोणाचे तरी ‘परदेशी’

या चर्चेत महाराष्ट्राची एक बाजू अशी आहे, जी आपण सहसा विसरतो. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, सातपूर येथे तयार होणारे सुटे भाग युरोप-अमेरिकेतील गाड्यांत बसतात. २०२३-२४ मध्ये भारताची सुट्या भागांची निर्यात सुमारे २१ अब्ज डॉलरची होती आणि आयातही जवळपास तेवढीच. जर्मनीतील ग्राहकाच्या लेखी चाकणचा भाग हा परदेशात स्वस्तात बनलेला भागच असतो. आपल्याकडील उद्योजकाला परदेशी ग्राहकाचे तपासनीस, त्यांची न सांगता होणारी भेट, एका नगात दोष निघाला म्हणून परत आलेला कंटेनर हे सारे नवे नाही. देशाचे नाव पाहून दर्जा ठरवायचा तर तो न्याय आपल्यालाही लागू होईल.

परदेशी मालाविरुद्धच्या ओरडीत व्यापारी हितसंबंध मिसळलेले असतात, हेही विसरता कामा नये. केंद्र सरकारने २०२० च्या जूनमध्ये अनेक प्रकारच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित केली, त्यामागे देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू उघड होता. तो योग्य की अयोग्य हा निराळा विषय; पण संरक्षण आणि सुरक्षा या दोन शब्दांची गल्लत होऊ नये.

भारतातील गाड्यांचे काय?

ताकाताचे इन्फ्लेटर असलेल्या गाड्या भारतातही विकल्या गेल्या. होंडाच्या भारतीय कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये १ लाख ९० हजार ५७८ गाड्या बोलावल्या. त्यानंतर २०१७ च्या जानेवारीत २०१२ साली बनलेल्या ४१ हजार ५८० आणि २०१८ च्या जानेवारीत २०१३ साली बनलेल्या २२ हजार ८३४ गाड्यांची भर पडली. सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड ही त्यातील आपल्या रस्त्यांवरची परिचित नावे. इन्फ्लेटर विनामूल्य बदलून देण्यात येत होता.

या साऱ्या मोहिमा ऐच्छिक होत्या, कारण सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करणारी तरतूद तेव्हा आपल्या मोटार वाहन कायद्यात नव्हती. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वतःपुरती एक आचारसंहिता केली होती, इतकेच. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यास सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकते आणि उत्पादकाला वा आयातदाराला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयातदाराचा समावेश झाला हे चांगले झाले.

मात्र या नियमांत एक मोठी फट आहे. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू होतात. ताकाताचा इन्फ्लेटर धोकादायक बनतो तो वय वाढल्यावर; दमट हवेत अनेक उन्हाळे-पावसाळे काढल्यानंतर. म्हणजे या दोषाचा धोका जेव्हा सर्वाधिक, तेव्हाच गाडी सक्तीच्या कक्षेतून बाहेर पडलेली असते. २०१२-१३ ची गाडी नियम लागू झाले त्या दिवशीच सात वर्षे ओलांडून गेली होती. आणि आपल्याकडे सात वर्षांची गाडी भंगारात जात नाही, ती दुसऱ्या मालकाकडे जाते. कंपनीचे पत्र मात्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये फ्रान्समधील रँस शहरात जुन्या सिट्रोएन सी-थ्री गाडीतील ताकाताचा इन्फ्लेटर फुटून एका महिलेचा मृत्यू झाला. रँस उत्तर फ्रान्समध्ये आहे, तिथले हवामान थंड. त्यानंतर त्या देशात या मॉडेलच्या गाड्या इन्फ्लेटर बदलेपर्यंत चालवू नयेत, असे सांगण्यात आले. अमेरिकेतही लाखो इन्फ्लेटर अजून बदलले गेलेले नाहीत.

दुसरा धोका याच्या नेमका उलट दिशेचा आहे. अपघातात एअरबॅग उघडली की ती पुन्हा वापरता येत नाही, बदलावी लागते. कंपनीची नवी एअरबॅग महाग असल्याने स्वस्त पर्यायांचा बाजार उभा राहतो. अमेरिकी वाहनसुरक्षा संस्थेने नकली एअरबॅगबद्दल पहिला मोठा इशारा २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दिला होता. २०२४ च्या जुलैमध्ये तिने पुन्हा इशारा दिला, तेव्हा आधीच्या नऊ महिन्यांत स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटरमुळे तिघांचा मृत्यू झाला होता आणि दोघांना कायमची इजा झाली होती. या सर्व गाड्या आधी अपघातग्रस्त होऊन दुरुस्त झालेल्या होत्या. त्यांतील अनेकांच्या चालकांना आपल्या स्टिअरिंगमध्ये काय बसवले आहे, याची कल्पनाही नसावी.

आपल्याकडे चालकासाठीची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठीची २०२१ पासून नव्या मोटारींत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे एअरबॅग असलेल्या गाड्या आता मोठ्या संख्येने जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊ लागल्या आहेत आणि येत राहतील. डेंटिंग-पेंटिंग करून चकचकीत केलेल्या गाडीत एअरबॅग कंपनीची आहे, बाजारातली आहे की नुसते झाकण बसवले आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. चावी फिरवल्यावर मीटरवरील एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल किंवा विझत नसेल तर शंका घ्यावी. दिवा नीट चालतो म्हणून आतला भाग अस्सल, असे मात्र समजू नये. तारांत साधा रोधक जोडून या दिव्याला फसवता येते.

जुनी गाडी घेणाऱ्याने आरसीवरील १७ अक्षरी चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात देऊन दोन गोष्टी विचाराव्यात. या गाडीवर एखादे रिकॉल बाकी आहे काय आणि एअरबॅग कधी बदलल्याची नोंद आहे काय? रिकॉलचे काम गाडी कितव्या मालकाकडे आहे यावर अवलंबून नसते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. विमा कंपनीकडे आधीच्या दाव्यांची माहिती मागता येते. त्यात मोठ्या अपघाताचा दावा दिसला आणि सेवा केंद्राच्या नोंदीत नवी एअरबॅग दिसली नाही, तर ती आली कुठून हे गाडी विकणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी विचारावे.